कोराडीचा गोंगाट आणि कानातील दोन यंत्रे

कानाशी धरण्याच्या किंवा कानात बसवण्याच्या ध्वनियंत्रांचा इतिहास बहुधा संगीताच्या अंगाने लिहिला जातो. वस्तुतः आजच्या इअरफोनांच्या मुळाशी असलेल्या दोन्ही प्रमुख रचना दूरध्वनी, आरमार, श्रवणचिकित्सा आणि कारखाने यांच्या गरजांतून घडल्या, आणि त्यांचा ध्वनी मोजला असता जे फरक आढळतात ते मोठ्या प्रमाणात त्या जुन्या गरजांचेच अवशेष आहेत. यांपैकी एका रचनेत तारेचे हलके वेटोळे पातळ पडद्याला चिकटवलेले असते आणि प्रवाह मिळताच ते चुंबकाच्या फटीत पडद्यासकट मागेपुढे हलते. तिला बाजारात ‘डायनॅमिक’ म्हणतात. दुसऱ्या रचनेत वेटोळे स्थिर राहते, त्याच्या पोटातून गेलेले लोखंडी पाते दोन चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेले असते, आणि प्रवाहाच्या दिशेनुसार पात्याचे टोक एका किंवा दुसऱ्या ध्रुवाकडे ओढले जाऊन ती हालचाल एका बारीक दांडीमार्फत पडद्यापर्यंत पोहोचते. ही ‘बॅलन्स्ड आर्मेचर’, म्हणजे संतुलित पात्याची रचना होय.

या दोन यंत्रांची तुलना शांत खोलीत करणे सोपे असले तरी त्यांचा खरा संबंध कळण्यास गोंगाटाची जागा अधिक उपयोगी पडते. नागपूरच्या उत्तरेस सावनेर रस्त्यावरील कोराडी ही अशी एक जागा आहे. कामठी तालुक्यातील हे गाव महालक्ष्मी जगदंबेच्या देवस्थानामुळे विदर्भभर परिचित आहे. तथापि १९७४ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच येथे सुरू झाला आणि गावाची दुसरी ओळख पक्की झाली. १९७६ पर्यंत प्रत्येकी १२० मेगावॅटचे चार संच, १९७८ मध्ये २०० मेगावॅटचा पाचवा आणि १९८२-८३ मध्ये २१० मेगावॅटचे आणखी दोन संच अशी येथील वाढ झाली. मंडळाच्या विभाजनानंतर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले, जुने संच क्रमाने निवृत्त होत गेले आणि २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले.

औष्णिक केंद्राचा आवाज हा अनेक आवाजांचा थर असतो. टर्बाइन आणि जनित्र मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतात. रोहित्रांची गुणगुण त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर असते. कोळसा दळणाऱ्या गिरण्यांची घरघर खालच्या स्वरांत, तर बाष्पकाला पाणी पुरवणारे पंप, मोठे पंखे आणि झडपांतून सुटणारी वाफ यांचा आवाज वरच्या स्वरांत पसरतो. ही यंत्रे असलेल्या दालनांत ध्वनीची पातळी साधारण ८५ ते ९५ डेसिबलच्या घरात जाते. डेसिबल हे मापन गुणोत्तराचे असल्यामुळे १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेची दसपट होय, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांतील लहान दिसणाऱ्या अंतराचे गांभीर्य कळते. कारखाना नियमांतील मर्यादा दिवसाच्या ८ तासांसाठी ९० डेसिबल आणि १०० डेसिबलच्या ठिकाणी केवळ २ तास अशी आहे, आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदणीयोग्य व्याधी म्हणून समाविष्ट होता.

अशा केंद्रात कानाशी येणारे पहिले यंत्र म्हणजे दूरध्वनीचा रिसीव्हर. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या १८७६-७७ मधील उपकरणांत विद्युतचुंबकासमोर लोखंडी पडदा असे आणि प्रवाहाच्या चढउताराबरोबर चुंबक तो पडदाच ओढत असे. भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे उघडली तेव्हा आलेली यंत्रेही याच जातीची होती. या रचनेचा गुण तिच्या संवेदनशीलतेत होता. मैलोगणती तारेतून झिजत आलेल्या क्षीण प्रवाहालाही ती ऐकू येईल इतका आवाज देई. परंतु ज्या पडद्याने चुंबकाची ओढ सोसायची त्यानेच ध्वनीही निर्माण करायचा, या दुहेरी जबाबदारीमुळे तो जाड व ताठ ठेवावा लागे आणि काही ठरावीक स्वरांवर अवाजवी जोराने घुमे. बोलणे समजण्यास तेवढे पुरत असल्यामुळे अनेक दशके कोणी फारशी तक्रार केली नाही. वीज मंडळांच्या अंतर्गत संभाषणालाही अरुंद पट्टाच पुरेसा होता. केंद्रे आणि उपकेंद्रे यांच्यातील बोलणे डाकतार खात्याच्या तारांवर न सोपवता उच्चदाब वाहिनीवरूनच काही दशसहस्र ते काही लक्ष हर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवून पाठवण्याची पद्धत भारतभर रूढ होती, आणि तीत मानवी आवाजासाठी बहुधा ३०० ते २००० हर्ट्झच्या आसपासचाच पट्टा राखून वरचा भाग वाहिनीच्या संरक्षण-संकेतांना दिला जाई. रिसीव्हर कितीही उत्तम असला तरी कोराडीहून भुसावळकडे गेलेल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीसारख्या मार्गावर ‘स’ आणि ‘फ’ यांतील फरक त्यामुळे पुसटच राहणार होता.

पडद्याची दुहेरी जबाबदारी सोडवण्याचा विचार मात्र लवकर झाला होता. बेल यांचे सहकारी टॉमस वॉटसन यांनी १८८२ मध्येच तोललेल्या पात्याच्या रचनेचे एकस्व घेतले, म्हणजे संतुलित पाते हे आधुनिक ध्वनिवर्धकाहूनही जुने आहे. तिचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेच्या युटा राज्यातील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी केला. १९१० च्या सुमारास त्यांनी घरीच बनवलेले हेडफोन अमेरिकन आरमाराने तपासले आणि बिनतारी संदेशांसाठी मागवले. त्यांत ध्रुवांमधील पाते एका दांडीने अभ्रकाच्या चकतीला जोडलेले होते, त्यामुळे लोखंडाचे काम लोखंडाकडे आणि हवा ढकलण्याचे काम हलक्या चकतीकडे अशी वाटणी झाली. प्रवाह नसताना दोन्ही बाजूंची ओढ समान असल्याने पाते मध्ये स्थिर राहते, आणि या समतोलामुळेच जुन्या एकतर्फी रिसीव्हरमध्ये ठळक असणारे समगुणित विरूपण, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेवर उमटणारा बनावटी स्वर, पुष्कळसे रद्द होते. अडचण अशी की चुंबकाची ओढ पात्याला जितकी एका बाजूला खेचू पाहते तितकीच त्याची लवचीकता त्याला मध्ये परत आणते, आणि हा तोल फार नाजूक असतो. यंत्र आपटले आणि पाते किंचित सरकले तर ते ध्रुवाला चिकटते किंवा खरखरू लागते. श्रवणयंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे येणाऱ्या ‘आवाज फाटतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

या पात्याला खरे घर मिळाले ते श्रवणयंत्रात. ह्यू नोल्स यांनी १९४६ मध्ये शिकागोजवळ स्थापन केलेल्या कंपनीने अशा रचना सतत लहान करत नेल्या, १९५२-५३ मध्ये ट्रान्झिस्टरचे श्रवणयंत्र बाजारात आले आणि पुढे यंत्र कानामागे व नंतर कानातच मावू लागले. सुमारे १.४ व्होल्टच्या इवल्या घटावर कित्येक दिवस चालायचे असेल तर विजेचे ध्वनीत रूपांतर काटकसरीने व्हावे लागते, आणि काही मिलिमीटर लांबीच्या बंद डबीत बसणारे पाते या कामी वेटोळ्याहून सरस ठरले. भारतात मात्र कानामागचे यंत्र सर्वसामान्यांच्या हाती येण्यास वेळ लागला. केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची योजना १९८१ मध्ये सुरू झाली आणि मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली, त्या काळातील नेहमीचे यंत्र म्हणजे शर्टाच्या खिशातील पेटी, तिच्यातून कॉलरखालून वर गेलेली वायर आणि कानाच्या साच्यात टचकन बसवायचा बटणाएवढा रिसीव्हर. सूक्ष्मध्वनिग्राहक खिशात असल्याने कापड घासले की कानात खसखस ऐकू येई. गिरणी-कारखान्यांतून निवृत्त झालेल्या एका पिढीने पुन्हा ऐकू लागण्याचा अनुभव असाच घेतला.

हलत्या वेटोळ्याची वाट वेगळी होती. ही कल्पना वेर्नर सीमेन्स यांच्या १८७४ च्या एकस्वात आढळते, पण तिला पुरेशी शक्ती देणारे वर्धक नव्हते. निर्वात नळ्यांचे वर्धक उपलब्ध झाल्यावर १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी आधुनिक ध्वनिवर्धकाची रचना मांडली. १९३१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील वेंट आणि थुरास यांनी हलत्या वेटोळ्याचा रिसीव्हर वर्णिला, आणि १९३७ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांनी ‘डीटी ४८’ हा डायनॅमिक हेडफोन बाजारात आणला. वेटोळ्यावरील बल प्रवाहाच्या सरळ प्रमाणात असते व पडद्याला लोखंडाची ताठरता लागत नाही, म्हणून खालच्या स्वरांपासून वरपर्यंत रुंद पट्टा मिळवणे या रचनेत सुलभ झाले. मोबदल्यात ती अधिक वीज खाई. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले तेव्हा स्फटिक-संचावर कार्यक्रम ऐकणाऱ्या हौशी श्रोत्याला २००० ओहमच्या जुन्या लोखंडी पडद्याच्या हेडफोनचाच आधार होता, कारण स्फटिक-संचाला घट नसतो आणि अँटेनातून मिळणाऱ्या शक्तीवर वेटोळे हलणे कठीण. ट्रान्झिस्टर, मग १९७९ चा वॉकमन आणि पुढे शक्तिशाली निओडिमियम चुंबक यांनी ही अडचण मोडीत काढली. त्यानंतर संगीताचा कान डायनॅमिक रचनेकडे आणि बहिऱ्याचा कान संतुलित पात्याकडे अशी विभागणी जवळजवळ पूर्ण झाली.

या दोहोंची तुलना आकड्यांत मांडायची तर आधी कोणत्या कानात मोजायचे हे ठरवावे लागते. खोलीत उघड्यावर ठेवलेल्या इअरफोनचे मोजमाप निरर्थक असते, कारण त्याचा ध्वनिदाब बंद कर्णनलिकेतील हवेच्या आकारमानावर अवलंबून असतो. म्हणून धातूची पोकळी आणि तिच्या तळाशी सूक्ष्मध्वनिग्राहक असा कृत्रिम कान योजला गेला. श्रवणमापनाच्या हेडफोनांसाठी ६ घनसेंटिमीटरची, तर श्रवणयंत्रांसाठी १९४० च्या दशकात २ घनसेंटिमीटरची पोकळी रूढ झाली. दुसरी पोकळी सोयीची होती, पण खऱ्या कानाहून मोठी. इअरफोनच्या टोकापासून कर्णपटलापर्यंत उरणारी जागा सुमारे १.३ घनसेंटिमीटरच असते आणि कर्णपटल स्वतःही काही ध्वनी शोषून घेतो. योझेफ झ्विस्लोत्स्की यांनी १९७० च्या सुमारास हे दोन्ही लक्षात घेणारा कृत्रिम कान बनवला, त्यावरून १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ७११ तयार झाले आणि आजचे बहुतेक आलेख त्याच्याच वंशातील साधनांवर काढले जातात. नोल्स कंपनीने १९७२ मध्ये ‘केमार’ नावाचा प्रौढाच्या सरासरी मापांचा धडपुतळाही बनवला. ज्या उद्योगाने पाते घडवले त्यानेच ते तोलण्याचा कानही घडवला, हे या इतिहासातील एक विलक्षण वळण आहे. त्या कानाला पाते थोडे अधिक गोड वाटत असावे असा संशय कोणी घेतला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही, मात्र पुढील स्वतंत्र मोजण्यांनी तो कान ढोबळमानाने खराच ठरवला.

येथे कोराडीचा गोंगाट आणि इअरफोनचा आलेख एकमेकांस भेटतात. उघडी कर्णनलिका २५०० ते ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि कर्णपटलाशी त्या पट्ट्यातील ध्वनी १५ ते २० डेसिबलने वाढवते. दालनातील गोंगाट सर्व स्वरांचा असला तरी आतल्या कानावर आघात मुख्यतः या वाढलेल्या पट्ट्याच्या किंचित वर होतो. म्हणून गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा पहिला खड्डा श्रवणालेखात ४००० हर्ट्झपाशी दिसतो. दुसरीकडे इअरफोन नलिका बुजवतो आणि हे नैसर्गिक घुमणे नाहीसे करतो, तेव्हा चांगल्या इअरफोनने तेवढी वाढ स्वतःहून परत द्यावी लागते. श्रवणयंत्रातील पाते आणि त्याची बारीक नळी यांचे अनुस्पंदन नेमके २ ते ३ हजार हर्ट्झच्या परिसरात येते. २ घनसेंटिमीटरच्या पोकळीत मोजताना दोष वाटणारे हे शिखर खऱ्या कानात हरवलेल्या शिखराची जागा भरते.

गोंगाटात काम करणाऱ्यांची श्रवणतपासणी मात्र दीर्घकाळ डायनॅमिक हेडफोनांवर झाली. टेलिफोनिक्स कंपनीचा ‘टीडीएच-३९’ जगभर मानक मानला गेला, कारण त्याची संवेदनशीलता तापमान आणि वापर यांनी फारशी बदलत नाही व तो नेमकेपणाने जुळवता येतो. तरीही ६ घनसेंटिमीटरच्या पोकळीत आणि माणसाच्या कानावर तो ६००० हर्ट्झपाशी सारखा वागत नाही. त्या एका स्वरावरील आधारांक काही डेसिबलने चुकीचा पडल्यामुळे निरोगी कानांतही तेथे खोटा खड्डा उमटतो, असे १९९० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दाखवले. नुकसानभरपाईचा दावा ४००० आणि ६००० हर्ट्झवरील खड्ड्यावर उभा राहतो, त्यामुळे हेडफोनच्या मोजणीतील ही त्रुटी केवळ प्रयोगशाळेची बाब उरत नाही.

संगीताच्या क्षेत्रात पाते परत आले ते श्रवणचिकित्सेच्या वाटेनेच. नोल्स कंपनीत काम केलेले मीड किलियन यांनी स्थापन केलेल्या एटिमॉटिक रिसर्चने १९९१ मध्ये एकाच पात्याचा ‘ईआर-४’ इअरफोन काढला, आणि दशकाच्या मध्यास रंगमंचावरील वादकांसाठी अनेक पात्यांचे साचेबंद इअरफोन बनू लागले. त्यानंतरच्या मोजण्यांतून दिसणारे चित्र प्रचलित समजुतींहून बरेच वेगळे आहे. पात्याला खर्ज जमत नाही असे म्हटले जाते. पण नलिका घट्ट बंद असेल तर एकटे पातेही २० हर्ट्झपर्यंत सपाट जाऊ शकते. मर्यादा येते ती जोराच्या खर्जात, कारण ध्रुवांमधील फट पात्याला फार हलू देत नाही आणि लोखंड संपृक्त झाले की विरूपण वाढते. डायनॅमिक पडदा येथे निर्विवाद सरस असतो. वरच्या टोकाला एकट्या पात्याचा ध्वनी १० हजार हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे झपाट्याने उतरतो, म्हणून अनेक पाती लावावी लागतात. मात्र ८ ते १० हजार हर्ट्झच्या वर कृत्रिम कानाचीच खात्री कमी होते आणि इअरफोन एखादा मिलिमीटर आत-बाहेर झाला तरी शिखरे सरकतात, त्यामुळे त्या भागातील आलेखांवरून निकाल देणे धाडसाचे आहे.

खरा आणि सहज पडताळता येणारा फरक विद्युत अवरोधात आहे. डायनॅमिक वेटोळ्याचा अवरोध सर्व स्वरांत जवळजवळ सारखा राहतो, तर पात्याभोवतीचे स्थिर वेटोळे स्वर चढेल तसा अधिक अवरोध करते. ईआर-४ च्या ‘पी’ आणि ‘एस’ या दोन प्रकारांत वायरमधील सुमारे ७५ ओहमच्या रोधाचाच मुख्य फरक होता आणि तेवढ्याने वरचे स्वर खालच्यांच्या तुलनेत उठून येत. याचा अर्थ असा की वर्धकाचा अंतर्गत रोध न सांगता काढलेला पात्याचा आलेख अपुरा असतो. एकाच इअरफोनचे दोन ठिकाणी दोन आलेख दिसले तर त्याचे कारण बहुधा येथे सापडते. पाते ‘वेगवान’ असते, त्याचा ध्वनी लवकर थांबतो, हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा मात्र मोजणीत टिकत नाही. इअरफोनसारख्या लहान यंत्रात स्वरांनुसार मिळणारी ध्वनिपातळी आणि ध्वनी थांबण्यास लागणारा वेळ ही एकाच गुणाची दोन रूपे असतात. दोन इअरफोनांची स्वरपातळी सारखी करून घेतली की त्यांच्या थांबण्यातील अंतरही जवळपास नाहीसे होते.

गोंगाटाच्या जागी निर्णायक ठरते ती इअरफोनातील रचनेची जात नसून त्याची बसवणूक. नलिकेत खोल व घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा आवाज २० ते ३० डेसिबलने अडवू शकतो आणि संतुलित पाते लहान असल्याने असा आकार त्याला सहज साधतो. सैल बसणारा डायनॅमिक इअरफोन जवळजवळ काहीच अडवत नाही, आणि ९० डेसिबलच्या दालनात त्यातून काही ऐकायचे तर आवाज त्याहूनही वर चढवावा लागतो. घट्ट असो वा सैल, संगीताचे सामान्य इअरफोन कर्णरक्षक म्हणून प्रमाणित केलेले नसतात, आणि टर्बाइनच्या दालनात शिरताना घालायचे ते प्रमाणित इअरप्लग किंवा इअरमफच.